क्लेपचे गुण हाती आले, पण पदवीच्या तक्त्यात जागा कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत पदवीसाठी निघालेल्या मुलांच्या पालकांना सध्या एक सल्ला सर्रास मिळतो. अकाउंटिंग, मॅनेजमेंट, मार्केटिंग हे पहिल्या दोन वर्षांचे विषय वर्गात बसून शिकायची गरज नाही, त्यांच्या परीक्षा बाहेरून द्या, क्रेडिट मिळवा आणि एका वर्षाची फी वाचवा. यातले पहिले तीन तुकडे बहुतेक खरे आहेत. चौथा खरा ठरेलच असे नाही, आणि घरातले पैसे नेमके त्या चौथ्यावर लागलेले असतात. तेव्हा या परीक्षांचा हिशेब सविस्तर मांडावा, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतली पदवी साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत श्रेयांकांची. एका विषयाचे सहसा ३. यातली काही क्रेडिट परीक्षा देऊन मिळवण्याची सोय नवी नाही. एसएटी घेणाऱ्या 'कॉलेज बोर्ड' या संस्थेची 'क्लेप' ही परीक्षा १९६७ पासून आहे. तिचे आज ३४ विषय आहेत. त्यांत व्यवसायाचे म्हणून पाच गणले जातात: फायनान्शियल अकाउंटिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इंट्रोडक्टरी बिझनेस लॉ, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट आणि प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग. मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स समाजशास्त्रांच्या गटात मोडतात, पण बिझनेसच्या विद्यार्थ्याला ते दोन्ही लागतातच. नुसता 'इंट्रोडक्शन टू बिझनेस' हवा असेल तर तो क्लेपमध्ये नाही. तो 'डीएसएसटी' या दुसऱ्या परीक्षामालिकेत आहे, जी मुळात अमेरिकी सैनिकांसाठी सुरू झाली आणि आता प्रोमेट्रिक चालवते.

क्लेपची फी ९५ डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण साडेआठ हजार रुपये. परीक्षा केंद्राचे शुल्क वेगळे, आणि ते प्रत्येक केंद्र आपले आपण ठरवते. 'मॉडर्न स्टेट्स' ही संस्था मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम देते आणि तो पूर्ण केल्यावर परीक्षेच्या फीचे व्हाउचरही देते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी तरी खिशातून फी भरण्याआधी तिथे पाहावे. परीक्षा संगणकावर, दीड तासाची, बहुतांश बहुपर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा. गुण २० ते ८० या मोजपट्टीवर मिळतात आणि ५० ला ३ क्रेडिट द्यावीत अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. हे ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत. बरोबर उत्तरांच्या संख्येचे ते रूपांतर असते. निकाल त्याच जागी पडद्यावर दिसतो. नापास झाल्यास त्याच विषयाला तीन महिने बसता येत नाही. मध्येच बसलात तर गुण रद्द होतात आणि फीही जाते.

इथवर सगळे सोपे वाटते. पण वर 'शिफारस' हा शब्द आला आहे, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. कॉलेज बोर्ड गुण देते, क्रेडिट देत नाही. क्रेडिट देते ते विद्यापीठ, आणि तेही आपल्या मर्जीने. क्लेप मानणाऱ्या संस्था २,९०० च्या वर आहेत हा आकडा जाहिरातीत ठळक असतो. पण त्या संस्था कोणता विषय मानतात, किती गुणांना मानतात आणि तो पदवीच्या कोणत्या रकान्यात टाकतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे. आयव्ही लीगसारख्या निवडक खासगी विद्यापीठांत क्लेप सहसा चालतच नाही. दुसऱ्या टोकाला फ्लोरिडा. तिथल्या सरकारी महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना राज्याने ठरवलेल्या यादीप्रमाणे क्रेडिट द्यावेच लागते, आणि परीक्षांमधून मिळणाऱ्या एकूण क्रेडिटवर ४५ ची मर्यादा आहे. क्लेपचा मॅक्रो तिथे ईसीओ २०१३ या क्रमांकाच्या विषयाच्या जागी बसतो, मायक्रो ईसीओ २०२३ च्या. असा विषय-क्रमांक नावानिशी लिहून मिळाला, तरच खरे काम झाले.

क्रमांक न देता नुसते 'इलेक्टिव्ह क्रेडिट' दिले की काय होते, ते मॅनेजमेंट आणि मार्केटिंगच्या बाबतीत दिसते. क्लेपच्या या दोन्ही परीक्षांची शिफारस पहिल्या दोन वर्षांच्या पातळीची आहे. पण चार वर्षांच्या अनेक विद्यापीठांत हेच विषय तिसऱ्या वर्षाचे म्हणून, ३०० च्या पुढच्या क्रमांकाने शिकवले जातात. मग विद्यापीठ म्हणते, तुमची ३ क्रेडिट आम्हाला मान्य आहेत, ती ऐच्छिक रकान्यात टाकली आहेत. मॅनेजमेंट मात्र आमच्याकडे घ्यावेच लागेल. विद्यार्थी पास झालेला असतो, क्रेडिट उताऱ्यावर (ट्रान्स्क्रिप्टवर) चढलेले असते, आणि तरी तोच विषय पुन्हा पैसे भरून शिकायचा असतो. बिझनेस पदवीत ऐच्छिक रकाना मुळातच लहान असतो. त्यात एपीची (शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांची) किंवा दुसऱ्या कॉलेजची क्रेडिट आधीच असतील, तर वरची सगळी नुसती शोभेची.

त्यामुळे अर्थशास्त्राचे दोन पेपर सर्वांत सुरक्षित, असे आमचे मत. ते बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात आणि नावाला नाव जुळते. त्यानंतर अकाउंटिंग, पण इथे एक वेगळी अडचण आहे. अनेक विद्यापीठांत बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश पहिल्या वर्षानंतर मिळतो, आणि त्यासाठी अकाउंटिंग, अर्थशास्त्र, गणित या ठरावीक विषयांतल्या श्रेणी पाहतात. क्लेपने श्रेणी मिळत नाही, फक्त क्रेडिट मिळते. ए मिळवू शकणाऱ्या मुलाने नेमका तो विषय बाहेरून उरकला, तर त्याची सरासरी वाढवणारा एक हुकमी विषय हातचा गेला. बिझनेस लॉ आणि इन्फर्मेशन सिस्टिम्सचे मात्र विद्यापीठाने क्रमांक लिहून दिल्याशिवाय नावही काढू नये.

आता पैशाचे. तीन क्रेडिट वाचली म्हणजे तीन क्रेडिटचे पैसे वाचले, हा हिशेब फी दर क्रेडिटमागे घेणाऱ्या ठिकाणीच खरा. पुष्कळ विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी ठोक असते: १२ घ्या नाहीतर १८, रक्कम तीच. तिथे दोन विषय बाहेरून उरकले तर वाचते शून्य. पैसा वाचतो तो अख्खे सेमिस्टर कमी झाले तरच, आणि त्यासाठी साधारण १५ क्रेडिट योग्य रकान्यांत बसावी लागतात. शिवाय पुढचे विषय साखळीने बांधलेले असतात. अकाउंटिंगचा पहिला झाला की दुसरा, मग फायनान्स, मग शेवटच्या वर्षाचा एकत्रित विषय. अशी सर्वांत लांब साखळी किती सेमिस्टरची आहे, ते आधी मोजावे. ती सहा सेमिस्टरची असेल, तर तीस क्रेडिट बाहेरून आणली तरी सहा सेमिस्टरांच्या आत पदवी होणार नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना आणखी एक बंधन आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला दर नियमित सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटची नोंदणी ठेवावी लागते. क्लेपची क्रेडिट या १२ मध्ये धरली जात नाहीत, कारण तो परीक्षेचा निकाल आहे, वर्गातली नोंदणी नव्हे. पूर्णवेळ नोंदणीवर अवलंबून असलेल्या शिष्यवृत्त्यांचेही तसेच. 'सहा क्रेडिट बाहेरून केली आहेत, म्हणून यंदा नऊच घेतो' असे परस्पर ठरवणाऱ्याचा व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी कमीच विषय उरले असतील तर सूट मिळते, आणि तीही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या मंजुरीनंतर. पदवी लवकर झाली की आय-२० या विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावरची अंतिम तारीखही अलीकडे येते. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ तिथे नोकरी करण्याच्या परवानगीचा, अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून नंतरच्या ६० दिवसांपर्यंतच करता येतो, त्यामुळे मे ऐवजी डिसेंबरात पदवी घेणाऱ्याने ते वेळापत्रक आदल्या उन्हाळ्यातच मांडायला हवे. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर आई-वडिलांबरोबर राहणाऱ्या मुलांना १२ क्रेडिटची ही अट नाही; क्लेपचा खरा उपयोग करून घेण्याची मोकळीक त्यांना जास्त आहे.

अभ्यासाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण महाराष्ट्र बोर्डाचा बारावी वाणिज्य झालेला विद्यार्थी अकाउंटिंगला 'हे तर आपले बुक-कीपिंगच' म्हणून बसतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे सगळे कामी येते, यात वाद नाही. पण आपल्या बारावीत भागीदारी संस्थेवर भर असतो: भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, विसर्जन. क्लेपमध्ये भागीदारी जवळजवळ नाहीच. तिथे कंपनी आहे: भाग, लाभांश, कर्जरोख्यांवरचा अधिमूल्य-वटाव, रोख प्रवाह पत्रक. कंपनीने आपलेच भाग परत घेऊन जवळ ठेवले, तर अमेरिकेत ते 'ट्रेझरी स्टॉक' म्हणून भागधारकांच्या निधीतून वजा दाखवतात. आपल्या कंपनी कायद्यात परत खरेदी केलेले भाग सात दिवसांत नष्ट करावे लागतात, त्यामुळे ही नोंद मुलांनी कधी केलेलीच नसते.

शब्दही दगा देतात. आपला स्टॉक म्हणजे शिल्लक माल. त्यांचा स्टॉक म्हणजे भाग, आणि मालाला इन्व्हेंटरी. संड्री डेटर्स तिथे अकाउंट्स रिसीव्हेबल होतात, बिल्स पेयेबलच्या जागी बहुधा नोट्स पेयेबल येते. ताळेबंदात मालमत्ता आधी, आणि त्यातही रोख सर्वांत वर. व्यक्तिगत, वास्तव आणि नामधारी खात्यांचे तीन नियम तिथे कोणी विचारत नाही. सगळे 'मालमत्ता = देणी + मालकाचा निधी' या समीकरणावरून चालते. नियम विसरायची गरज नाही, पण प्रत्येक व्यवहाराने समीकरणाची कोणती बाजू हलली, हे सांगता यायला हवे, कारण प्रश्न तसाच येतो.

चुका ठरलेल्या असतात. एक ऑक्टोबरला वर्षभराचा विमा २,४०० डॉलर भरला, वर्षअखेरीला आगाऊ विमा किती? आपली मुले सवयीने ३१ मार्च धरून सहा महिने मोजतात आणि १,२०० लिहितात. प्रश्नातले वर्ष ३१ डिसेंबरला संपलेले असते. खर्च तीन महिन्यांचा ६०० आणि आगाऊ १,८००. गंमत म्हणजे १,२०० हेही पर्यायांत असू शकते, त्यामुळे चूक झाल्याचे कळतही नाही. घसाऱ्याचे तसेच. बोर्डाच्या गणितात ऱ्हासमान शेष पद्धतीचा दर दिलेला असतो. इथे दुप्पट दराने घटत्या शिलकीवर घसारा काढायचा असतो आणि दर स्वतः काढावा लागतो. यंत्र १०,००० डॉलरचे, आयुष्य पाच वर्षे, अवशेष किंमत १,०००. सरळ रेषेचा दर २० टक्के, दुप्पट ४०. पहिल्या वर्षी ४,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० वर २,४००. अवशेष किंमत आधी वजा करून ३,६०० काढणारे खूप. ती इथे फक्त शेवटी, पुस्तकी किंमत तिच्याखाली जाऊ नये म्हणून पाहायची. आणि लिफो, म्हणजे शेवटी घेतलेला माल आधी विकला असे धरण्याची पद्धत. भारतीय लेखा मानकांत मालाच्या मूल्यमापनाला ही पद्धत चालत नाही, म्हणून तिचा सराव नसतो. अमेरिकेत चालते आणि विचारतात. शंभर नग १० डॉलरने, नंतर शंभर १२ ने घेतले आणि शंभर विकले, तर विकलेल्या मालाचा खर्च फिफोने (आधी घेतलेला आधी विकला असे धरून) १,०००, लिफोने १,२००. महागाईत नफा कोणत्या पद्धतीने कमी दिसेल, हा त्याचाच पुढचा प्रश्न.

फायनान्शियल अकाउंटिंगला ९० मिनिटांत साधारण ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारापुरता. स्वतःचा नेता येत नाही. ताळेबंदावरचे प्रश्न तीस ते चाळीस टक्के, रोख प्रवाहावरचे पाच ते दहा. बारावी वाणिज्य पक्के असेल तर रोज दीड तास आणि सहा आठवडे पुरेत. विज्ञान शाखेच्या मुलाने दहा धरावेत.

बिझनेस लॉमध्ये तर आपले ज्ञान आडवेच येते. भारतीय करार कायदा १८७२ चा, आणि तो इंग्रजी कायद्याच्याच मुशीतला, त्यामुळे साम्य फसवे. अल्पवयीनाने केलेला करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून मुळातच रद्दबातल. अमेरिकेत तो अल्पवयीनाच्या इच्छेनुसार रद्द करता येण्याजोगा. आधीच केलेला उपकार आपल्याकडे नंतरच्या वचनाचे प्रतिफल, म्हणजे करारासाठी लागणारा मोबदला, म्हणून चालतो, तिथे सहसा चालत नाही. आपल्याकडे तोंडी करार सर्वसाधारणपणे वैध. तिथे ५०० डॉलर वा त्याहून अधिक किमतीच्या मालाची विक्री, जमिनीचे व्यवहार आणि एका वर्षात पुरे होऊच न शकणारे करार लेखी हवेत. परीक्षेतला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग करारांचाच असतो. बी.कॉम.चा कायदा आठवून उत्तरे देणारा तिथेच अडकतो.

मॅनेजमेंटला फेयॉलची चौदा तत्त्वे आणि टेलर हे बारावीच्या ओसीमधून (वाणिज्य संघटन) येतात, मास्लो आणि हर्झबर्ग वाचून होतात. मार्केटिंगचा चाळीस ते पन्नास टक्के भाग चार 'पी'चा (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन). दोन्हींत ९० मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे वेळ हाच खरा परीक्षक. अर्थशास्त्रात आपली मुले व्याख्यांत पक्की आणि आलेखांत कच्ची. मागणीची रेषाच सरकली, का त्याच रेषेवर फक्त मागणीचे प्रमाण बदलले, हा एक फरक पक्का केला तरी मायक्रोचे बरेच प्रश्न सुटतात. ओपनस्टॅक्सची मोफत पाठ्यपुस्तके या सर्व विषयांची आहेत. महागडे संच विकत घ्यायचे कारण नाही.

नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी क्लेपचा हिशेब वेगळा आणि बराच फायद्याचा आहे. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्कमधील एक्सेलसियर, कनेटिकटमधील चार्टर ओक या संस्था परीक्षांची क्रेडिट सढळपणे घेतात. भारतातली तीन वर्षांची बी.कॉम. घेऊन तिकडे गेलेल्या आणि सीपीएसाठी, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाच्या परवान्यासाठी, क्रेडिट तास जुळवणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. भारतातल्या पदवीच्या मूल्यांकनात जो विषय आधीच मोजला गेला, त्याची क्लेप दिली तर ती दुबार म्हणून कापली जाते. शिवाय सीपीएची तासांची अट राज्यागणिक वेगळी आणि सध्या अनेक ठिकाणी बदलत आहे, त्यामुळे त्या राज्याच्या मंडळाचे उत्तर हाती येईपर्यंत परीक्षेचे पैसे भरू नयेत.

आपल्याकडे 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांना हीच तुलना अर्धी लागू पडते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयम्‌वरून करता येतात. फरक असा, की इथे नुसती परीक्षा पुरत नाही. नावनोंदणी, स्वाध्याय आणि मग परीक्षा. रकान्याचा घोळ मात्र तोच. विभागाने आधी मान्य न केलेला अभ्यासक्रम पूर्ण केला, तर प्रमाणपत्र हाती राहते आणि श्रेयांक गुणपत्रिकेवर चढत नाहीत.

तेव्हा क्रम असा असावा. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा परीक्षेद्वारे क्रेडिटचा तक्ता उघडावा आणि ज्या पदवीला प्रवेश घ्यायचा, तिचा सेमिस्टरवार आराखडा शेजारी ठेवावा. मग सल्लागाराला ईमेलने पाच गोष्टी विचाराव्यात: किती गुण लागतील, कोणत्या क्रमांकाच्या विषयाच्या जागी धरणार, तो बिझनेसच्या मुख्य रकान्यात की ऐच्छिक, बिझनेस स्कूलच्या प्रवेशाला चालेल का, आणि शेवटची ३० क्रेडिट किंवा बिझनेसचे निम्मे विषय विद्यापीठातच करायची अट आहे का. फोनवरचे 'हो, चालेल' धरू नये. सल्लागार बदलतात. ईमेल राहतो.

परीक्षा तो विषय वर्गात घेण्याच्या आधी द्यावी; एकदा नोंदणी करून नापास झाल्यावर त्याच विषयाची क्लेप अनेक ठिकाणी मानत नाहीत. परीक्षेला बसतानाच एका विद्यापीठाला गुण मोफत पाठवता येतात, नंतर उताऱ्याचे पैसे पडतात. पण पास होण्याची खात्री नसेल तर तो रकाना रिकामा ठेवणे बरे. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असावे. मधले वडिलांचे नाव एका जागी आहे आणि दुसऱ्या जागी नाही, या कारणाने केंद्राच्या दारातून परत यायची वेळ येऊ शकते.

कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पहिल्या कॉलेजने दिलेले क्लेपचे क्रेडिट दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. नवे विद्यापीठ मूळ गुणपत्रक मागते आणि आपल्या तक्त्याप्रमाणे नव्याने ठरवते. कॉलेज बोर्ड गुण वीस वर्षे जपून ठेवते. विद्यापीठाचा तक्ता मात्र दरवर्षी बदलू शकतो, म्हणून प्रवेशाच्या वर्षाचे ते पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवावे.

आपले,
वाणिज्य विषयाचे काही शिक्षक,
पुणे आणि न्यू जर्सी